चड्डीतला फोटो आणि फिलोमिनाबाईंचं सर्टिफिकेट

आमच्या आगाशीत एके काळी दोन गोष्टी कागदाशिवाय खपत: केळी आणि मी. केळ्यांचं अजून बरं चाललंय. माझ्यामागे मात्र सत्तरचं दशक संपता संपता कागदाचं झेंगट लागलं, आणि ते कसं सुटलं हे खरं सांगितलं तर लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत. या अंकाच्या संपादकांनी 'कामातले अनुभव लिहा' म्हटलंय, 'लोकांना पटतील असे' असं म्हटलेलं नाही.

आधी काम काय ते सांगतो. हल्ली काचेच्या थंडगार खोलीत, गाणी लावून, एखादा तरुण गिऱ्हाइकाच्या उशाशी उभा राहतो आणि 'अजून दोन, अजून दोन' म्हणतो. त्याला पर्सनल ट्रेनर म्हणतात. आम्हाला मास्तर म्हणत. खूश असले तर वस्ताद. माझ्या सासुरवाडीत 'दंडबैठकवाला' म्हणत, पण तेही माझं जेवण उरकल्यावर. काम तेच. घरोघरी जायचं, एकेका माणसाला उभं करायचं, वाकवायचं, बसवायचं, उठवायचं, आणि तो शिव्या देत असताना आपण आकडे मोजत राहायचं. माझं नाव वामन, छाती बेचाळीस. फुगवली की दारातून आडवं होऊन जावं लागे.

या धंद्याचे नियम थोडेच. गिऱ्हाईक खाण्याबद्दल जे सांगेल त्याला दोनाने गुणायचं, व्यायामाबद्दल जे सांगेल त्याला दोनाने भागायचं. आणि नव्या माणसाचं पोट बघायचं नाही, पाय बघायचे. पोट खोटं बोलतं, आत ओढता येतं. पाय जमिनीवर जसे पडायचे तसेच पडतात.

आता तुम्ही म्हणाल, केळीच्या वाडीत राबणाऱ्या माणसांना व्यायाम कशाला? तीच तर गंमत. आमच्या पट्ट्यात पूर्वी विहिरीवर रहाट असे. हल्या, म्हणजे रेडा, गोल गोल फिरायचा, पोहरे पाणी वर आणायचे, आणि हल्यामागे हिंडून हिंडून वाडीवाला सुतळीसारखा राहायचा. मग विजेची मोटार आली. बटण दाबलं की पाणी. हल्या रिटायर झाला, मालक खुर्चीत बसला, आणि एका मोसमात अख्ख्या पट्ट्याला पोट सुटलं. शेजारच्या वटार गावात तर दोन वाडीवाले समोरासमोर आले की एकाला मागे सरून गल्ली मोकळी करून द्यावी लागे.

इतकी सुपीक जमीन असून माझी घरं चारच. त्यातलं एक मामाचं, म्हणजे फुकट. आमचा पानमळा होता, आणि मी एकुलता एक. बाबांनी दिवाळीच्या फराळावरच मला सुनावलं, "वामन्या, शिमग्यापर्यंत मुदत. दहा घरं मिळाली तर कर तुझं उठाबशांचं दुकान. नाही मिळाली तर मुकाट्याने पानमळ्यात यायचं. वेलीला आधार द्यायलासुद्धा दंड लागतात."

बाबा बोलले म्हणजे बोलले. त्यांनी एकदा चहा सोडतो म्हटलं होतं, तर समोर कपात ओतलेलाही परत किटलीत गेला होता.

म्हणून वटारच्या डुमिंगकाकांचं बोलावणं आलं तेव्हा मी सायकलवरून गेलो नाही, उडालो. डुमिंगकाका म्हणजे मोठे वाडीवाले. शब्दाला वजन, आणि शब्दाशिवायही. ते बैलगाडीत चढले की बैल मागे वळून बघत. काकांचा आजार असा: माघ महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी, पुन्हा शपथा, सगळ्या गावाला जेवण. आणि काकांनी भर पंगतीत, इंद्यालाच्या, म्हणजे डुकराच्या झणझणीत मटणाच्या, तिसऱ्या वाढपानंतर, जाहीर केलं होतं की मी त्या दिवशी लग्नातलाच कोट घालीन. काकांचं घर मिळालं की मागोमाग सगळं वटार मिळणार, हे मला दिसत होतं.

पण काकांच्या शेजारी फिलोमिनाबाई बसल्या होत्या. काकांच्या पत्नी, आणि शाळेत इंग्रजीच्या शिक्षिका. अर्ध्या पट्ट्याचे कान त्यांनी पिळलेले, त्यात माझे दोन्ही.

"सर्टिफिकेट?" बाई म्हणाल्या.

"कसलं, बाई?"

"माणसाला वाकवायचं."

"बाई, दहा वर्षं झाली मला या कामात."

"दहा वर्षं आमचा हल्यासुद्धा रहाट ओढत होता. त्याला मी इंजिनिअर म्हटलं नाही."

काका मध्ये पडले. "अगो, शिकवू दे पोराला. कागदाने काय माझी ढेरी घासायची आहे?"

"तुम्ही बोलू नका. तुमच्या कोटाचं बटण आणि काज यांची वीस वर्षांत भेट नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वामन, उद्यापासून ये. पण मिस्साच्या दिवसापर्यंत सर्टिफिकेट या टेबलावर पाहिजे. नाही आलं तर या घरात पाऊल नाही, आणि गावाने विचारलं तर का नाही तेही मी सांगेन."

म्हणजे वटार तरी मिळणार, नाहीतर कायमचं जाणार. मी त्याच आठवड्यात सर्टिफिकेट शोधायला निघालो.

पहिलं सरकारी. तालुक्याच्या कचेरीतल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "मॅट्रिक?"

"होऊ घातलोय."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

त्याने मान वर केली, माझी छाती बघितली, आणि सहानुभूतीने पुन्हा खाली घातली. शिवाय कोर्स वर्षाचा, लांब कुठेतरी राहून करायचा. वर्षाने सर्टिफिकेट आणलं असतं तर तोवर मी पानमळ्यात वेलींना बैठका शिकवत असतो.

दुसरं योगाचं. दहा दिवसांचं शिबिर, शेवटी सर्टिफिकेट. वाटलं, जमलं! पण अट होती मौनाची. दहा दिवस. मी पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत टिकलो, हा आमच्या घराण्यातला विक्रम आहे. साडेनऊला गुरुजींनी नाकातून दोरा घालून तोंडातून काढून दाखवला. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आमच्याकडे बैलाला घालतात, त्याला वेसण म्हणतात." गुरुजी स्वतःचं मौन मोडून जे बोलले ते योगात बसत नाही.

राहिलं तिसरं, टपालाने. एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर वाघाच्या कातड्याची चड्डी घातलेला माणूस असे. कलकत्त्याकडची कुठलीशी कंपनी. बारा धडे घरपोच, प्रत्येक धड्याची प्रश्नपत्रिका, तीन महिन्यांत सर्टिफिकेट, आणि प्रवेशासाठी उमेदवाराचा चड्डीतला फोटो. मी पुष्कळ विचार करून निवड केली असं वडीलधारा होऊन सांगायला आवडलं असतं. पण खरी गोष्ट अशी की बाकीच्या दोघांनी मला निवडलं नाही.

फोटो काढायला विरारला गेलो. फोटोवाला म्हणाला, "मागे पडदा कुठला? ताजमहाल आहे, कमळांचं तळं आहे, विमान आहे."

"साधी भिंत नाही?"

"भिंतीचा फोटो काढायला माझ्याकडे कशाला आलात?"

म्हणून विमान. फोटोत मी दंड फुगवून, दात ओठ खाऊन, चड्डीवर कुणाला तरी विमानतळावर पोचवायला आलेला दिसतो.

पत्ता आमच्या घरचा दिला असता तर बाबांनी पार्सल पोस्टमनसकट परत पाठवलं असतं. म्हणून बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "शिक्षणाला माझी ना नाही." फॉर्म इंग्रजीत, तो त्यांनीच भरला. मग पार्सलं वटारला येऊ लागली. पोस्टमन हरेश्वर नायगावकडच्या मिठागरातला. पहिल्याच पार्सलावर तो वाघाच्या चड्डीवाला छापलेला बघून बाईंच्या ओट्यावर घुटमळला.

"बाय, ह्यो उघडा मानूस तुमच्या घरी येनार हाय का कोन?"

"ते पुस्तक आहे."

"असंल. पन जरा पानी द्या. घाम फुटला मला."

धडे निघाले इंग्रजीत. आता पंचक्रोशीत मला इंग्रजी समजावून देणारं माणूस कोण? बाईच! म्हणजे ज्यांना सर्टिफिकेट दाखवायचं, त्यांच्यासमोरच रोज संध्याकाळी पाटावर बसून मी ते शिकत होतो. बाई धडा वाचत, मराठीत सांगत, मी मराठीत उत्तर देई, बाई ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवत. जसंच्या तसं. एक अक्षर पदरचं घालायच्या नाहीत.

"बैठक मारताना पाठ सरळ ठेवावी," मी सांगे.

"का?"

"का म्हणजे? ठेवावी."

"प्रश्नात 'का' विचारलंय, वामन."

त्या 'का'ने मला जेरीस आणलं. दहा वर्षं मी माणसं वाकवत होतो, आणि का वाकवतो हे मला कुणी विचारलं नव्हतं. वस्तादांनी मला तसं शिकवलं, वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी. त्या पाटावर पहिल्यांदा मला कळलं की डोक्यावर पाटी घेणाऱ्या बायांचे गुडघे आधी जातात ते का, आणि मी मामाला दोन वर्षं जो व्यायाम देत होतो त्याने त्याची कंबर बरी का होत नव्हती. मामाची मी माफी मागितली. तो म्हणाला, फुकटचं होतं म्हणून मीही बोललो नाही.

उत्तर लिहून झालं की बाई लाल शाई काढत. त्यांनीच लिहिलेलं माझं उत्तर त्याच तपासत. दहापैकी चार. दहापैकी साडेचार. खाली टप्पोरी, वळणदार, पूर्ण नावाची सही. तपासलेल्या कागदावर सही केल्याशिवाय त्यांचा हात उठतच नसे, पंचवीस वर्षांची सवय. वर कोपऱ्यात माझी सही असे, पण माझी सही म्हणजे उन्हात वाळत घातलेला कोलीम, बारीक सुकट. असे बारा पेपर गेले.

तिकडे काकांचा व्यायाम चालू होता. मी त्यांना वजनंबिजनं दिलीच नाहीत. वाडीत बंद पडलेला रहाट होता, त्याच्या दांड्याला हल्याच्या जागी काकांना लावलं. मोटार बंद, काका चालू. सकाळी पन्नास फेऱ्या, संध्याकाळी पन्नास. रिटायर झालेला हल्या गोठ्यातून रवंथ करत बघायचा. जनावराच्या डोळ्यांत समाधान म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. केळींना इतकं पाणी मिळालं की त्या साली वटारचं एक केळं दोघांत खावं लागे, तेही मध्ये थांबून.

दीड महिन्याने मात्र माझ्या ध्यानात आलं की फेऱ्या शंभर होतात, पाणी शंभर फेऱ्यांचं येतं, आणि काका आहेत तसेच आहेत. मी विहिरीवर गेलो, खाली वाकलो, आणि आमच्या धंद्याचा नियम लावला. पाय बघितले.

"काका, तुम्ही चालताना जमिनीवर खुरं उमटतात."

काका आकाशाकडे बघू लागले. "अरे, त्या हल्याला करमत नव्हतं रे. म्हटलं सकाळ-संध्याकाळची जरा मदत..."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी त्याला मोजून देत होतो."

म्हणजे माझं काम काका करत होते, काकांचं हल्या. बाईंना कळल्यावर गोठ्याला कुलूप लागलं, इंद्याल बंद झालं, आणि फुगेही बंद झाले. फुगे म्हणजे ताडीत आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. एक खाल्ला तर बारावा खाईपर्यंत कळत नाही. काकांनी शेवटचे सहा आठवडे जो रहाट ओढला, तो रागाने ओढला. विहिरीचा तळ दिसला, आणि काकांच्या अंगाखालचा काकाही थोडा दिसू लागला.

मिस्सा रविवारी. गुरुवारी हरेश्वर आला. लांब नळकांडं, वर चड्डीवाला. बाईंनी सोडलं. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी, लाल मोहर, डाव्या कोपऱ्यात माझा फोटो, मागे विमान. मी उडी मारली. बाई वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा शाळेच्या पाटीसारखा कोरा होत चालला होता.

"वामन, यावर माझं नाव आहे."

कंपनीने फॉर्मवरचा फोटो तेवढा काढून घेतला आणि नावासाठी बारा पेपर बघितले. प्रत्येकावर वाचता येईल असं एकच नाव, टप्पोरं, वळणदार. विमानापुढे चड्डीत उभा असलेला तो गृहस्थ म्हणजे श्रीमती फिलोमिना, हिने बारा धडे पुरे केले असून ही शारीरिक शिक्षण देण्यास लायक आहे.

काकांनी फोटो बघितला, बायकोकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "पंचवीस वर्षांत मला हे कसं दिसलं नाही?" ते म्हणाले आणि खुर्चीतून घसरले.

मी म्हणालो, "बाई, नावावर कागदाची पट्टी चिकटवू. वर माझं लिहू."

"खोटं? माझ्या घरात?"

"मग पुन्हा मागवू."

"रविवारपर्यंत?"

ठरलेलं ते ठरलेलं. मी सायकल काढली. घरी गेलो आणि बाबांच्या समोरच पानमळ्यातली शिडी पुसून ठेवली. बाबांनी शिडीची एक पायरी मागेच बदलून घेतलेली दिसली. माझ्या वजनाच्या हिशेबाने.

तरी रविवारी चर्चला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. काका दारात उभे राहिले, कोट घातलेला, बटण लागलेलं! अट एकच, श्वास घ्यायचा नाही. दारापासून वेदीपर्यंत काका श्वास कोंडून गेले, चेहरा पिकलेल्या जांभळासारखा. फादरनी विचारलं, "डुमिंग, या स्त्रीला तू पुन्हा..." काकांना उत्तर देणं भाग होतं. त्यांनी श्वास घेतला आणि 'हो' म्हणाले.

बटण सुटलं ते वेदीजवळच्या पितळी घंटेवर. टण्ण! आता मिस्सात घंटा वाजली की गुडघे टेकायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं. भरलेलं चर्च एका झटक्यात गुडघ्यावर. उभे राहिले फादर, काका आणि बाई. मी हिंदू, पण मीही खाली. फादर म्हणाले, "उठा, उठा, अजून वेळ आहे." तेवढ्यात उठताना मला सगळीकडून तो आवाज ऐकू आला. कट, कट, कट. शंभरेक बायांचे गुडघे. रोज आगाशीच्या बाजाराला डोक्यावर भाजीच्या पाट्या नेणाऱ्या बाया त्या.

जेवणाला काका विजयी वीरासारखे फिरत होते. "कोट दारापासून वेदीपर्यंत टिकला," ते सांगत होते, "खऱ्या लग्नातही तेवढाच टिकला होता." फादरनी विचारलं, काकांना असं कुणी उतरवलं? मला वाटलं, आता बाई सांगणार, वामनकडे सर्टिफिकेट नाही म्हणून.

बाई म्हणाल्या, "वामनने. पण सर्टिफिकेट माझ्याकडे आहे."

खरंच बोलल्या. बाई खरंच बोलत. पण ते ऐकून पंगतीतली रोझीबाय पान सोडून उठली. साठीची बाई, आयुष्यभर पाटी वाहिलेली. "बाय, बाईमाणसाकडे कागद असला तर मी येते. माझ्या गुडघ्याचं काय करायचं ते आहे त्याच्यात?" तिच्यामागे अजून चौघी.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पेपर तपासताना बघत तसं. "वामन, आहे?"

"आहे बाई. धडा सातवा."

"का दुखतो?"

मी सांगितलं. न अडखळता, पाटीपासून टाचेपर्यंत, कारणासकट. बाईंनी मान हलवली. "नऊ," त्या म्हणाल्या. एक मार्क कापलाच. मग रोझीबायला म्हणाल्या, "बुधवारपासून माझ्या ओट्यावर. शिकवीन मी. हा माझा असिस्टंट."

सर्टिफिकेट बाईंच्या दिवाणखान्यात लागलं. फादर आले की त्याच्यावर कॅलेंडर टांगत. मी कंपनीला नाव बदलून द्या म्हणून दोन पत्रं पाठवली, दोन्हींची उत्तरं 'डिअर मॅडम' अशी आली, दुसऱ्यासोबत पुढच्या कोर्सचा फॉर्म होता. मी नाद सोडला. आयुष्यभर माझ्या नावाचं सर्टिफिकेट झालं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण दरवर्षी थोडं कमी वाटतं.

आता ओट्यावरच्या शिकवणीची एक अडचण होती. बाया लुगडं खोचून वाकणार, बसणार, आणि मी परपुरुष. बाईंनी ओट्याला गोणपाटाचा पडदा लावला, पडद्याआड त्या आणि बाया, आणि मला पडद्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. मी रस्त्याला बघून ओरडायचो, "खाली! पाठ सरळ! वर! श्वास सोडा!" आणि आतून बाई चुकलेल्यांना सुधारायच्या. एसटी जाताना कंडक्टर खिडकीतून श्वास सोडायचा. एकदा तर 'खाली' म्हटल्यावर समोरून येणारा एक टोपलीवाला खाली बसला, तो 'वर' म्हणेपर्यंत उठला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी मी असाच उभा होतो. समोर रस्ता मोकळा, फक्त एक शेळी. "खाली!" मी ओरडलो, आणि वळणावरून बाबा आले. मुदत संपत आली म्हणून स्वतः बघायला आले होते. भर उन्हात मुलगा रिकाम्या रस्त्याला आणि शेळीला बैठका शिकवतोय हे त्यांनी बघितलं, आणि त्यांचे पाय जागच्या जागी थांबले.

"वामन्या," ते हळू आवाजात म्हणाले, कधी नव्हे ते मायेने, "चल बाळा, घरी चल. दहा घरांचं काही नाही. तू घरी चल."

"वर!" मी ओरडलो, कारण मोजणी मध्ये सोडता येत नाही.

माझ्या पाठीमागे, गोणपाटाआड, काकणं वाजली. एकदम, सगळी मिळून. बाबांनी मान तिरकी केली. "खाली!" पुन्हा काकणं. बाबा पडद्यापर्यंत आले, बाईमाणसांचा कारभार आहे हे ओळखून तिथेच थांबले, आणि माझ्यासारखंच रस्त्याकडे तोंड करून माझ्या शेजारी उभे राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस जणी. एकोणीस घरं."

बाबांनी बोटांवर दोनदा मोजून बघितलं. "पानमळ्याला गडी बघतो मी," ते म्हणाले. मग जरा घुटमळले, कंबरेवर हात ठेवला, आणि शेळीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "पुढचं 'खाली' कधी आहे?"